सराव न झालेले मतदार

'या देशाला दहा वर्षं मिलिटरी राजवट पाहिजे' हे वाक्य पुण्यात कोणाच्या तोंडी असतं, याकडे जरा लक्ष द्या. तळजाई टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या घोळक्यात ते हमखास ऐकू येतं. बँकेत पासबुक भरून घेण्याच्या रांगेत येतं. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी खाली ठेवता ठेवता कोणीतरी ते टाकतं आणि शेजारचे चार जण माना डोलावतात. बोलणारा बहुधा साठीच्या पुढचा, पेन्शन घेणारा, एकही मतदान न चुकवणारा सद्गृहस्थ असतो. दहा मिनिटांनी हाच सद्गृहस्थ 'आजच्या पोरांना लोकशाहीची किंमत नाही' अशी हळहळही व्यक्त करतो. ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात, हे त्याच्या गावीही नसतं.

तरुणांविषयीच्या या तक्रारीला गेल्या दहा वर्षांत विद्वानांचं बळ मिळालं आहे. २०१६ मध्ये रॉबर्टो फोआ आणि याशा मुंक या दोन अभ्यासकांनी 'जर्नल ऑफ डेमोक्रसी'त एक लेख लिहिला. आधार होता जागतिक मूल्य सर्वेक्षणाचा. त्यात एक प्रश्न असतो: लोकशाही असलेल्या देशात राहणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, एक ते दहापैकी आकडा सांगा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जन्मलेल्या अमेरिकनांपैकी ७२ टक्के लोकांनी थेट दहा सांगितले होते. १९८० नंतर जन्मलेल्यांत दहा म्हणणारे होते जेमतेम ३० टक्के. नेदरलँड्समध्येही म्हातारे निम्म्याहून अधिक, तरुण एक तृतीयांशाच्या आसपास. भरीस भर म्हणून, लष्करी राजवट चांगली असं म्हणणारे अमेरिकन १९९५ मध्ये सोळात एक होते, ते वीसेक वर्षांत सहात एक झाले. लेख आला त्याच वर्षी ट्रम्प पहिल्यांदा निवडून आले आणि पिढीगणिक खाली घसरत जाणारा तो आलेख जगभर फिरला. प्रस्थापित लोकशाहीला आतून वाळवी लागली आहे आणि ती तरुण आहे, असा निष्कर्ष लोकांनी काढला.

एरिक वोटेन, पिपा नॉरिस, एमी अलेक्झांडर, ख्रिश्चन वेल्झेल अशा अभ्यासकांनी यावर पुढच्याच वर्षी झोड उठवली, पण दुरुस्त्या मूळ बातमीइतक्या फिरत नाहीत. त्यांचा एक आक्षेप कोणत्याही शाळामास्तराच्या लक्षात येईल असा होता. दहापैकी दहा देणारे तेवढे पास आणि आठ-नऊ देणारे नापास, असा निकाल लावला तर वर्ग बिघडलेला दिसणारच. सरासरी काढली की पिढ्यांमधलं अंतर बरंच आखडतं. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. हा प्रश्न सर्वेक्षणात आला तोच मुळी २००५ नंतरच्या फेऱ्यांमध्ये. आज सत्तरीत असलेल्यांना पंचविशीत कोणी हे विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या केस वाढवलेल्या पोरांनी दहा दिले असते की सहा, कोण जाणे. वयाबरोबर माणूस व्यवस्थेला धरून राहायला लागतो हेही खरं, आणि युद्ध, फाळणी, हुकूमशहा पाहिलेली पिढी वेगळी हेही खरं. एका आलेखातून हे दोन धागे सुटे होत नाहीत.

तरीही 'सगळं ठीक आहे, पोरं वळणावर येतील' असं म्हणून मी हा विषय सोडणार नाही. खंबीर नेता, संसद-न्यायालयांची कटकट नको, ही ओढ खरी आहे आणि आपल्याकडे ती भलतीच जोरात आहे. 'प्यू' या अमेरिकन संस्थेनं २०१७ मध्ये अडतीस देशांत विचारणा केली, तेव्हा भारतात ५५ टक्के लोकांनी संसदेला न जुमानणाऱ्या बलवान नेत्याची राजवट चांगली म्हटली आणि ५३ टक्क्यांनी लष्कराची. यात तळजाईवाले किती आणि टेकडीवर न येणारे किती, हा हिशेब सोडून देऊ. एवढ्या मोठ्या आकड्यात फक्त विशीतली पोरं नसणार, इतकं तर उघड आहे.

माझं म्हणणं असं. लोकशाहीवरचं प्रेम वयानं येत नाही आणि नागरिकशास्त्राच्या धड्यानंही येत नाही. मत दिल्यानं डोळ्यांदेखत काहीतरी घडलं, हा अनुभव पदरी असावा लागतो. आजोबांच्या पिढीला तो मिळाला. नातवंडांच्या पिढीकडून आपण तो काढून घेतला आणि आता त्यांनाच विचारतोय, दहापैकी किती मार्क देता?

आजोबांच्या पिढीचं उदाहरण याच शहरातलं घ्या. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती, मुंबईत हुतात्म्यांचं रक्त सांडलं होतं, आणि १९५७ ची निवडणूक आली. पुण्यानं नानासाहेब गोरे यांना लोकसभेवर पाठवलं, पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसची दाणादाण उडवली, आणि तीन वर्षांत, १ मे १९६० ला, राज्य झालं. त्या वेळी एकविसाव्या वर्षी पहिलं मत दिलेल्या माणसाला लोकशाहीचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. त्यानं मत दिलं आणि नकाशा बदलला. पुढे आणीबाणी आली. येरवड्यात शेकडो माणसं स्थानबद्ध झाली, दुर्गाबाई भागवतांनी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून निषेध केला आणि नंतर तुरुंगवास पत्करला, पु. ल. प्रचाराच्या सभा गाजवत फिरले, आणि मार्च १९७७ मध्ये सरकार पडलं. पुण्यातून जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून आले. पुन्हा तेच: मत दिलं, सरकार गेलं. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या असं सांगणारेही त्याच पिढीतले, पण तो भाग वेगळा.

आता मार्च १९९९ मध्ये पुण्यात जन्मलेली एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. महापालिकेची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ ला झाली तेव्हा ती अठराची व्हायला काही दिवस कमी होते. हरकत नाही, पुढच्या वेळी. पुढची वेळ मार्च २०२२ च्या आत यायला हवी होती. आली नाही. १५ मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक बसला. ओबीसी आरक्षणाचा खटला, बांठिया आयोग, तीन सदस्यांचा प्रभाग की चारांचा, सरकार बदललं म्हणून प्रभागरचना पुन्हा, मग सर्वोच्च न्यायालयात तारखांवर तारखा. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानं बजावलं, त्यालाही मुदतवाढ झाली, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. आपल्या गल्लीतल्या गटाराचा, कचऱ्याच्या गाडीचा, पाण्याच्या वेळेचा निर्णय करणाऱ्या माणसाला ती मुलगी पहिल्यांदा निवडत होती, तेव्हा तिला सत्ताविसावं वर्ष संपायला दोनच महिने उरले होते.

मधल्या काळात तिला मत होतंच की, असं कोणी म्हणेल. होतं ना. तिचं विधानसभेचं पहिलं मत ऑक्टोबर २०१९ चं. ज्या युतीला किंवा आघाडीला ते दिलं, तिचं पुढे महिन्याभरात काय झालं हे सांगायला नको. पहाटेचा शपथविधी झाला, तीन पक्षांचं सरकार आलं, मग सुरत, गुवाहाटी, तिथली झाडी. एक पक्ष फुटला, वर्षभरानं दुसरा फुटला. कोणी चूक, कोणी बरोबर हा वाद ज्याचा त्यानं घालावा. पहिलटकर मतदाराला एवढंच कळलं की आपण बटण दाबलं त्याचा पुढच्या घडामोडींशी फारसा संबंध नव्हता.

लोकसभेचं तर पुण्यात आणखी विचित्र झालं. खासदार गिरीश बापट यांचं मार्च २०२३ मध्ये निधन झालं. कायद्यानं सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हायला हवी. निवडणूक आयोगानं २०२४ च्या तयारीचं आणि उरलेल्या अल्प मुदतीचं कारण पुढे केलं. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आयोगाला फटकारून निवडणूक घ्यायला सांगितलं, आणि जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. परिणाम काय, तर मार्च २०२३ ते जून २०२४ या काळात पुणेकराला ना नगरसेवक होता ना खासदार. त्यात मुख्य शहरातल्या माणसानं जरा तरी सुखी म्हणावं, कारण जून २०२१ मध्ये जी तेवीस गावं महापालिकेत आली त्यांची अवस्था त्याहून वाईट. त्यांच्या ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि महापालिकेत त्यांचं म्हणून निवडून दिलेलं कोणी आलं नाही. सरपंचही गेला, नगरसेवकही नाही. नांदेड आणि किरकटवाडी ही त्यातलीच. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण या भागात वाढले, पाण्याबद्दल शंका आली, तेव्हा तिथल्या माणसानं कोणाचं दार ठोठवायचं? अधिकाऱ्यांनी काम केलं नाही असं मला म्हणायचं नाही. पण अधिकाऱ्याला पुढच्या वेळी पाडता येत नाही.

प्रशासकाच्या राजवटीचं कामकाज कसं चालतं हे फार कमी लोकांनी पाहिलेलं असतं. एरवी आयुक्त प्रस्ताव ठेवतात, तो स्थायी समितीत जातो, मग मुख्य सभेत. तिथे आरडाओरडा होतो, राजदंड पळवला जातो, चहापान होतं, कोणाचे तरी हितसंबंध जपले जातात हेही खरंच. पण कोणीतरी उठून 'हा खर्च कशाला' असं विचारू शकतं. प्रशासक आला की आयुक्त, स्थायी समिती आणि मुख्य सभा या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस असतो. तोच प्रस्ताव ठेवतो आणि तोच मंजूर करतो. याच शहराच्या नगरपालिकेत ब्रिटिश काळात जोतीराव फुले नेमलेले सभासद होते, निवडून आलेले नव्हते. तरी व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावरच्या खर्चाला त्यांनी विरोध नोंदवला होता. पावणेचार वर्षं तेवढीही सोय नव्हती, आणि सांगायचं म्हणजे त्यावाचून कोणाचं अडल्यासारखं दिसलं नाही. 'नगरसेवक नाहीत तेच बरं, फ्लेक्स तरी कमी' असं म्हणणारे मला भेटले. सगळे माझ्याच वयाचे.

आणीबाणीशी तुलना केली की लोक चवताळतात. तुलना सरसकट होत नाहीच: इथे कोणाला तुरुंगात टाकलं नाही, वर्तमानपत्रांचे कोरे अग्रलेख छापावे लागले नाहीत. पण एक मुद्दा तेवढ्यापुरता पाहा. १९७१ ला निवडलेल्या लोकसभेची मुदत १९७६ ला संपत होती. ती वाढवत नेली आणि निवडणूक साधारण एक वर्ष उशिरा झाली. त्या एका वर्षाचा दाखला आपण पन्नास वर्षं देतोय, आणि द्यायलाच हवा. पुण्याची महापालिका निवडणूक त्याच्या जवळजवळ चौपट लांबली. त्यावर शनिवारवाड्यावर एखादी मोठी सभा झाल्याचं कोणाला आठवतं का?

हे सगळं ज्यांना तोंडपाठ असायला हवं ती मुलं नव्या पेठेत राहतात. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून आलेली, कॉट बेसिसवर एका खोलीत तिघं-चौघं, अभ्यासिकेत दिवसाचे दहा-बारा तास, आणि मेस आवडो न आवडो महिन्याचे पैसे आधी. एमपीएससीच्या तयारीत त्यांनी राज्यघटना कलमांसकट घोटलेली असते. कलम २४३ यू त्यांना विचारा. नगरपालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, हे तो मुलगा झोपेत सांगेल, कारण ते एका मार्काला येतं. उत्तरपत्रिकेत त्यानं तो पर्याय काळा केला आणि बाहेर येऊन ज्या रस्त्यावर चहा प्यायला, तिथे ते कलम चार वर्षं गुंडाळून ठेवलेलं होतं. अशा मुलाला लोकशाही म्हणजे अभ्यासक्रमातला भाग वाटली तर त्यात नवल ते काय?

पण हीच मुलं रस्त्यावरही उतरतात. मार्च २०२१ मध्ये एमपीएससीची परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्ता त्यांनी अडवला आणि आयोगाला आठवड्याभराच्या आत नवी तारीख द्यावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्णनात्मक परीक्षेच्या मुद्द्यावर पुन्हा बसले आणि नवी पद्धत २०२५ वर गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेच्या परीक्षेची तारीख आणि राज्यसेवेची तारीख एकच आली, पुन्हा शास्त्री रस्ता, पुन्हा परीक्षा पुढे. या मुलांना अनुभवातून काय कळलं? रस्त्यावर बसलं की चार दिवसांत निकाल लागतो, मत दिलं की काही होत नाही. हा धडा त्यांनी कुठल्या रीलवरून घेतलेला नाही.

गावी मात्र त्यांचा हिशेब निराळा असतो. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की हीच मुलं आदल्या रात्री वाकडेवाडीच्या स्टँडवर एसटीत जागा पकडायला धावतात. जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक झाली, तेव्हा मतदान ऐंशी टक्क्यांच्या घरात होतं, आणि तेही कोरोनाच्या काळात. २०१९ च्या लोकसभेला आख्ख्या पुणे मतदारसंघात ते पन्नास टक्क्यांनाही पोचलं नव्हतं. त्या न आलेल्या निम्म्या पुण्यात पांढऱ्या केसांचेही पुष्कळ होते. गावात वॉर्डाचा निकाल तीन मतांनी लागतो. कोणाच्या मतानं कोण पडला हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. पुण्यात एका प्रभागात चार सदस्य, लोकसंख्या सरासरी ऐंशी हजारांच्या वर. चार बटणं दाबून आल्यावर आपला नगरसेवक नेमका कोणता, हे दाबणाऱ्यालाच नीट सांगता येत नाही. ड्रेनेज तुंबलं की हा म्हणतो त्याला विचारा, तो म्हणतो माझा भाग पलीकडचा. एक सदस्य, एक प्रभाग ही मागणी कोणताच मोठा पक्ष मनापासून का करत नाही, हे समजायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

आणि कॉलेज? महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हिंसाचारामुळे बंद झाल्या. कारण खोटं नव्हतं, खून पडले होते. पण पुढे वीस-पंचवीस वर्षं गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमण्याचा प्रकार चालला. जो वर्गात पहिला तो नेता! २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुकांची तरतूद परत आणली. २०१९ मध्ये वेळापत्रक निघालं, ते पुढे ढकललं, आणि पुढे ढकललेलं अजून पुढेच आहे. म्हणजे कायद्यानं हा मुलगा अठराव्या वर्षी पंतप्रधान निवडायला लायक, पण आपल्या कॉलेजच्या कँटीनविषयी बोलणारा प्रतिनिधी निवडायला अपरिपक्व. आजचे राजकारणी, पत्रकार, वकील यांच्यातले कितीतरी जण कॉलेजच्या जीएसच्या निवडणुकीत पडून नाहीतर जिंकून तयार झाले. पडणं हे त्यातलं मोठं शिक्षण. हरलो, समोरच्याला हार घातला, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहिलो, हे वीस वर्षांच्या वयात एकदा अंगावरून गेलं की निकाल मान्य करणं म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

लहान पातळीवर हेच कसं होतं, ते कोथरूडच्या बाजूच्या एका सोसायटीत पाहायला मिळालं. वार्षिक सर्वसाधारण सभा. कोरम नाही म्हणून सभा अर्ध्या तासासाठी तहकूब, मग त्याच जागी, त्याच खुर्च्यांवर, तेवढ्याच माणसांत पुन्हा सुरू. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेबपत्रकास मंजुरी, पार्किंग, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय. मागे उभी असलेली चोविसेक वर्षांची एक मुलगी हात वर करून म्हणाली, उन्हाळ्यात टँकरची बिलं एकाच पुरवठादाराची कशी, आणि दोन बिलांवर एकच नंबर कसा? तिनं ती बिलं मोबाइलवर काढून आणली होती. सेक्रेटरी काका प्रेमानंच म्हणाले, 'अगं, तू सभासद नाहीस ना. बाबांना बोलू दे.' नियमानं ते बरोबर होतं. फ्लॅट बाबांच्या नावावर. बाबा शेजारीच बसले होते, ते म्हणाले, 'जाऊ दे गं, नंतर बघू.' विषय क्रमांक पाच. सभा संपल्यावर समोसे खाताना त्याच काकांनी तक्रार केली की कमिटीवर यायला तरुण मंडळी तयारच होत नाहीत.

बाहेरच्या देशांकडे पाहिलं तरी तरुण लोकशाहीला कंटाळलेत असं एका सुरात म्हणता येत नाही. पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ ची निवडणूक अशी लागली की निकालानं देशाची दिशा ठरणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. एकूण मतदान ७४ टक्क्यांवर गेलं, आणि तिशीच्या आतल्यांचं मतदान आधीच्या निवडणुकीतल्या शेहेचाळीस टक्क्यांच्या आसपासवरून जवळपास सत्तरवर उडालं. व्रोत्स्वाफ शहरातल्या यागोद्नो या नव्या वस्तीत रांग इतकी लांबली की मतदानाची वेळ संपली तरी लोक हलेनात. थंडीत पहाटे तीनच्या सुमारापर्यंत मतदान चाललं, आणि रांगेतल्यांसाठी कोणी पिझ्झा, कोणी गरम चहा आणून देत होतं. या पिढीलाही चार वर्षांपूर्वी उदासीन म्हणत होते.

दक्षिण कोरियातलं चित्र गुंतागुंतीचं आहे आणि म्हणूनच मला ते जास्त पटतं. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी मार्शल लॉ पुकारला. काही तासांत खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत पोचले आणि १९० विरुद्ध शून्य मतांनी तो हाणून पाडला. पुढचे आठवडे कडाक्याच्या थंडीत मोर्चे निघाले. त्यांत विशी-तिशीतल्या मुली सर्वांत उठून दिसत होत्या. पॉप गाण्यांच्या कार्यक्रमात हलवायच्या रंगीत लाइटस्टिक त्यांच्या हातात होत्या. यून यांच्या बाजूच्या सभांना झेंडे घेऊन येणारे बरेचसे म्हातारे, ज्यांनी खरी लष्करी राजवट भोगली होती. पण जानेवारीत सोलच्या न्यायालयावर चालून जाऊन काचा फोडणाऱ्यांत तरुण मुलगेही भरपूर होते. एकच पिढी, दोन टोकं. जर्मनीतही तेच. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत सोळा वर्षांवरच्यांना मत मिळालं, तर चोवीसपर्यंतच्या गटात कट्टर उजव्या एएफडीला १६ टक्के पडली. पुढच्याच फेब्रुवारीत संसदेच्या निवडणुकीत त्याच वयोगटात डावा पक्ष पहिला आला आणि एएफडी दुसरा. हा वयोगट लोकशाही सोडून चाललेला नाही, तो इकडून तिकडे धडका मारतोय. मधल्या, सभ्य, गुळगुळीत पक्षांपाशी तो थांबत नाही, आणि त्या पक्षांना त्याचं वाईट वाटतं. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये संसदेवर चढाई करणारे मात्र बरेचसे नोकरी-धंद्यातले, मध्यमवयाचे होते, हे त्या घसरत्या आलेखाशेजारी छापायला हवं.

आपल्याकडचा धोका मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. जवळचं मत काढून घेतलं आणि लांबचं तेवढं ठेवलं की लोकशाही ही टीव्हीवर पाहायची मॅच होते. दिल्लीत कोण, मुंबईत कोण, आपली टीम जिंकली की हरली. स्वतःच्या वॉर्डात वाद घालून, तडजोड करून, एखादा रस्ता पदरात पाडून घेण्याचा अनुभव नसलेल्या माणसाला तडजोड म्हणजे विकलं जाणंच वाटतं. मग सगळं एका झटक्यात करणारा कोणीतरी हवासा वाटू लागतो. बलवान नेत्याची ओढ तरुण रक्तातून आलेली नाही. साठीच्या माणसाला ती येते, कारण त्यानं वॉर्डाशी संबंध तोडला. विशीच्या पोराला येते, कारण त्याला वॉर्ड मिळालाच नाही.

तरुणांना पूर्ण माफी द्यावी असंही नाही. २०२४ च्या लोकसभेआधी देशातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांचीही नावं यादीत नव्हती. मतदार नोंदणीचा फॉर्म सहा मोबाइलवर भरता येतो, आणि २०२२ पासून वर्षातून चार तारखांना पात्रता धरली जाते. पेइंग गेस्ट ठेवणारा मालक नोंदणीकृत भाडेकरार करून देत नाही, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही, ही अडचण खरी. पण आईवडिलांच्या घरात राहणाऱ्या औंध-बाणेरच्या मुलाला तीही नाही. त्याला कंटाळा आहे. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचनांवरून प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. पदपथ, बसथांब्याची शेड, दिवे, बाक. हा अर्ज भरलेला पंचविशीच्या आतला माणूस मला क्वचितच दिसला. भरणारे पुन्हा तेच, निवृत्त, चिकाटीचे, झेरॉक्स करून फाइल लावणारे. त्यांना मी वर बोल लावले खरे, पण मिलिटरी राजवट मागणारे हे लोक पाच लाखांच्या कामासाठी लोकशाहीनं मिळेल तो प्रत्येक कागद भरतात, हेही मान्य करायला हवं. सवय होती, म्हणून भरतात.

तेव्हा सर्वेक्षणातले आकडे सुधारायचे असतील तर व्याख्यानमालेत 'लोकशाही आणि युवक' हा विषय ठेवून चालणार नाही. कॉलेजच्या निवडणुका कायद्यात आहेत, त्या घ्या. भांडणं होतील, एखाद-दोन ठिकाणी पोलीसही बोलवावे लागतील. सोसायटीत सभासदाच्या सज्ञान मुलांना निदान सभेत बोलू द्या. मतदान बाबाच करतील. प्रभाग एका सदस्याचा करा. आणि महापालिकेची तारीख कोणत्याही सरकारच्या मर्जीवर ठेवू नका.

या शेवटच्या गोष्टीचं काम आत्ताच सुरू होऊ शकतं. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, जातींची मोजणीही त्यातच आहे. म्हणजे या वेळी माहितीच नाही असं कोणाला म्हणता येणार नाही. पण नव्या आकड्यांवर प्रभागरचना, हरकती-सुनावण्या, आरक्षणाची सोडत, मतदारयाद्या हे सगळं उरकायचं तर २०२९ पासून कामाला लागावं लागेल, आणि न्यायालयात जाणारे जातीलच, त्याचाही वेळ धरावा लागेल. आज जी मुलं सातवी-आठवीत आहेत त्यांचं हे पहिलं मत. राज्य निवडणूक आयोगानं या टप्प्यांचं नियोजन केलं आहे का आणि कधीचं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, आणि अर्जदाराला वयाची अट नाही.